तंबोऱ्याची वंशावळ आणि पुडीची जात

घराणे हा शब्द मराठीत फार जपून वापरला जातो. गवयाला घराणे असते, सरदाराला घराणे असते, पेशवाईत कोणी कारकुनी केली असेल तर त्याचेही घराणे निघते आणि त्याचा इतिहास छापून येतो. ज्याच्या हाताने वाद्य घडते त्याला मात्र बहुधा घराणे नसते. त्याला धंदा असतो आणि जात असते. आपल्या संगीताचे इतिहासलेखन या भेदावर उभे आहे, असे माझे म्हणणे आहे. वाद्य घडवणाऱ्या कारागिराचा कौटुंबिक इतिहास मराठीत कसा लिहिला जातो, कोणाचा लिहिला जातो आणि कोणाचा लिहिलाच जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे. हा प्रश्न संगीताच्या रसिकांपुरता आहे, असे कोणी समजू नये. ज्याचा इतिहास लिहिला जात नाही त्याचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजले जात नाही; आणि ज्याचे ज्ञान मोजले जात नाही त्याच्या मजुरीचा भाव दुसराच कोणी ठरवतो.

१

मराठी मुलखात अशा इतिहासाचे सर्वांत ठळक उदाहरण मिरजेचे. ही कथा आता इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला एक ठरीव घाट आला आहे. मिरजेचे शिकलगार हे शस्त्रांना धार लावणारे, पाणी देणारे मुसलमान कारागीर. इंग्रजी अमल आला, लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवई येत. त्यांच्या तंबोऱ्यांची दुरुस्ती दूरवर पाठवून करावी लागे. हे काम फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू यांनी हाती घेतले आणि १८५०च्या सुमारास मिरजेत तंबोरा घडू लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, तुणीचे लाकूड, हाडाची किंवा शिंगाची घोडी आणि त्या घोडीवर काढलेली जवारी यांच्या जोरावर मिरजेने नाव कमावले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. किराणा घराण्याच्या सुराला जो भरीव तंबोरा लागतो तो या गल्लीतला, अशी ख्याती झाली. त्या कुटुंबांनी आपले आडनावच ‘सितारमेकर’ असे केले. पिढ्या झाल्या, काम चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या कथेचा मला आदर वाटतो. श्रमिक मुसलमान कारागिराच्या कुटुंबाचे नाव, त्याच्या पिढ्या आणि त्याचा पत्ता छापून येतो, ही या देशात लहान गोष्ट नाही. परंतु ही कथा ज्या पद्धतीने सांगितली जाते ती पद्धत तपासली पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे या कथेचा नायक बहुतेक वेळा संस्थानिक असतो. त्यांनी आश्रय दिला, त्यांनी प्रोत्साहन दिले, त्यांना गुणांची पारख होती, असे म्हटले जाते. हातची तलवार गेली तेव्हा या कुटुंबाच्या चुलीचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. एका कारागीर जमातीवर बेकारी कोसळते, ती जमात दुसऱ्या धंद्यात शिरण्यासाठी आपल्या हातातले पोलादाचे ज्ञान लाकडाकडे आणि तारेकडे वळवते. ही खरी तर मोठी सामाजिक घटना आहे. याच काळाविषयी महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विलायती मालाने आणि यंत्राने इथल्या कारागिरांचा धंदा कसा बुडवला, याचा हिशेब मांडला आहे. मिरजेची कथा त्या हिशेबाशी जोडून वाचली तर ती आश्रयाची कथा राहत नाही. ती बुडालेल्या धंद्यातून माणसे स्वतःच्या बळावर कशी वर आली, याची कथा होते. तशी ती क्वचितच वाचली जाते.

दुसरी गोष्ट अशी की या कथेत एकच हात दिसतो. भोपळा पिकवणारा शेतकरी त्यात नाही. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो जाड सालीचा, कडू, वेलीवर पूर्ण जून होऊन वाळावा लागतो. तो पिकवणाऱ्याची निवड, त्याचे बियाणे आणि त्याचा धोका हेही तंबोऱ्याच्या सुरात आहेत. घरातल्या बायका नाहीत. त्यांनी काय केले, घासले की रंगवले की घर चालवले, याचा उल्लेख नाही. वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते आणि सुनांची नावे वाटेत गळून पडतात. गवयांच्या घराण्यांची वंशावळ लिहिताना हेच होते, आणि कारागिराचा इतिहास लिहिताना तोच साचा उचलला जातो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिरजेला घराणे मिळाले ते तंबोऱ्याचे. तंबोऱ्याबरोबर त्याच बैठकीत, त्याच सतरंजीवर, दीड हातावर तबला बसलेला असतो. त्या तबल्याची पुडी कोणी मढवली? तिला घराणे का नाही?

२

भरताच्या नाट्यशास्त्रापासून वाद्यांचे चार वर्ग सांगितले जातात: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारेची, वाऱ्याची, चामड्याने मढवलेली आणि धातूची. ही विभागणी ध्वनीच्या शास्त्राची आहे, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते, आणि ते खरेही आहे. पण या देशात कोणतीही विभागणी फार दिवस नुसती शास्त्राची राहत नाही. लाकूड आणि भोपळा शुद्ध, चामडे अशुद्ध. लाकूड घडवणारा कलावंत, चामडे कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार, ते वाजवणारा मांग. यात एक मौज आहे. तंबोऱ्याच्या घोडीला हाड लागते, शिंग लागते. मेलेल्या जनावराचे हाड घासून गुळगुळीत झाले की त्याच्यावर जवारी चढते आणि ते सरस्वतीच्या हातात जाते. मेलेल्या जनावराचे कातडे मात्र कितीही कमावले, कितीही ताणले, त्यातून कितीही मधुर नाद काढला, तरी त्याला हात लावणाऱ्याचा विटाळ जात नाही. विटाळ पदार्थात असता तर तो हाडालाही लागला असता. तो माणसात घातलेला आहे.

आणि या चामड्यात किती ज्ञान आहे, ते पाहावे. तबल्याची पुडी म्हणजे ताणलेले एक कातडे नव्हे. बकऱ्याचे कातडे भिजवायचे, केस काढायचे, जाडी हाताने तपासत सारखी करायची. एकावर एक कातडी ठेवून वरच्यातून मधला भाग कापून चाट ठेवायची. कडेने गजरा विणायचा. वादीने खोडावर ओढून बसवायचे. मग मधोमध शाई भरायची. ही लिहायची शाई नव्हे. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचा लेप. एक थर लावायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. मधे जाड, कडेला पातळ. घोटता घोटता त्या लेपाला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा भेगा पडल्या पाहिजेत. न पडल्या तर नाद बसतो, जास्त पडल्या तर शाई उडते. हे सगळे कानाने चालते. हातात मोजपट्टी नसते.

१९२० साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर एक टिपण लिहिले. साधे ताणलेले कातडे वाजवले तर त्याचे उपस्वर बेसूर असतात; गोंगाट होतो. आपल्या मृदंग-तबल्यावर मध्यभागी हे वजन चढवल्यामुळे उपस्वर मूळ स्वराशी सुसंगत होतात, म्हणून ही वाद्ये सुरात लावता येतात, असे त्यांनी दाखवले. पुढे त्यांनी या विषयावर अधिक विस्ताराने लिहिले. रामन यांचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी जे आहे ते समजावून सांगितले. परंतु जे त्यांनी समजावले ते आधी कोणीतरी घडवले होते. पिढ्यान्‌पिढ्या चुकत, कातडी फुकट घालवत, पुन्हा घोटत, कानाने शोधले होते. समजावणाऱ्याचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. शोधणाऱ्याचे नाव कुठेच नाही. याला आपण परंपरा म्हणतो. ज्याचे श्रेय कोणाला द्यायचे नसते त्याला परंपरेचे म्हणण्याची सोय मोठी आहे.

३

यावर कोणी म्हणेल, नावे राहिली नाहीत हा काळाचा दोष. त्यात जातीचा काय संबंध? त्यासाठी त्याच काळातल्या इंग्लंडकडे पाहू. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ साली. त्याच वर्षी इंग्लंडात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८४१पासून तिथल्या खानेसुमारीत घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव आणि धंदा लिहिला जाऊ लागला, आणि ती बाडे जपून ठेवली गेली. त्यामुळे लंडनच्या एखाद्या सामान्य वाद्य-कारागिराचा पणतू आज आपल्या पणज्याचे नाव, घराची गल्ली, भाडेकरूंची संख्या, बायकोचे माहेरचे नाव एवढे सगळे शोधून काढू शकतो. लंडनमध्ये कॉन्सर्टिना घडवणारा लुई लाशनाल हा मूळचा स्वित्झर्लंडचा कारागीर १८६१ साली वारला आणि त्यानंतर काही वर्षे त्याच्या विधवेने, एलिझाबेथने, कारखाना चालवला. हे आज आपल्याला माहीत आहे. लाशनाल काही लॉर्ड नव्हता. तो हातात हत्यार धरणारा माणूस होता. तिथेही मजूर पिळला गेला, बालमजुरी झाली, गरिबाची गरिबी तशीच राहिली. त्या समाजाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण मजुराचे नाव कागदावर आले.

त्याच राणीच्या सरकारने आपल्याकडेही माणसे मोजली. १८७२ साली पहिली खानेसुमारी, १८८१ साली सर्वत्र एकाच वेळी. १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आले. त्यात मांग आहेत, महार आहेत, ढोर आहेत, चांभार आहेत, बुरूड आहेत. त्यांचे देव, त्यांची लग्ने, त्यांचे खाणेपिणे, सगळे आहे. म्हणजे तिकडे मोजणीचे एकक माणूस, इकडे मोजणीचे एकक जात. गोऱ्या साहेबाने हे एकट्याने केले असेही नाही. त्याला माहिती पुरवणारे हात इथलेच होते आणि त्यांना आमच्यातला माणूस कधी दिसलाच नव्हता. १८९१ साली कॅप्टन डे याने दक्षिण हिंदुस्थान आणि दख्खनच्या वाद्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली रंगीत चित्रे आजही पाहणाऱ्याला गुंतवून ठेवतात. त्या चित्रांत वाद्य एकटे असते. ते जणू आपोआप उगवले आहे.

माझ्या कुटुंबात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही. मला आजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येत नाही. वर्गात इतिहासाचा तास चालू असता मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारतो, की तुम्हाला किती पिढ्यांची नावे येतात? सात-आठ सांगणारी मुले कोणत्या घरची आणि दोनवर थांबणारी कोणत्या घरची, हे मी येथे लिहिण्याची गरज नाही. नाशिक-त्र्यंबकच्या भटजींच्या वह्या आमच्यासाठी नव्हत्या. आमची नावे कुठे असतील तर वतनाच्या कागदात. आणि ते वतन म्हणजे वेठ होती. १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकीची वतने रद्द झाली, हे योग्यच झाले. मात्र आमचा माणूस कागदावर आला तो गुलामीच्या नोंदीत आला, कर्तबगारीच्या नोंदीत आला नाही, ही गोष्ट त्या कायद्याने बदलत नाही.

४

आता मंडईकडे येऊ. पुण्याच्या मंडईची दगडी इमारत १८८६ साली उघडली. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी याच मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा ही त्यांची भूमिका होती. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच त्यांचे नाव लागले, याची गंमत पुणेकर सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. मंडईपासून चार पावलांवर बुधवार पेठेत १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे मिरजेत तंबोऱ्याची पहिली पिढी उभी राहत होती त्याच दशकात पुण्यात एका मांगाच्या मुलीने लेखणी उचलली होती. चामडे, दोर आणि हलगी यांनी ज्यांची ओळख ठरवली गेली त्या समाजाचा स्वतःचा पहिला कागद तो. आमच्या कौटुंबिक इतिहासाची सुरुवात करायची तर ती तिथून करावी लागेल. मिरजेच्या कथेत जिथे संस्थानिक उभा आहे तिथे आमच्या कथेत शाळा उभी आहे.

मंडईच्या मागे बुरूड आळीकडे जाणाऱ्या बोळांत आजही ढोलकी, तबला, हलगी दुरुस्त करणारी लहान दुकाने सापडतात. गणपतीच्या आधी दोन महिने तिथे पाय ठेवायला जागा नसते. गेली दोन वर्षे मी तिथे जाऊन बसतो. त्यातल्या एका साठीच्या कारागिराच्या दुकानाला देवाचे नाव आहे. शेजारी एका नामवंत वादकाचा फोटो आहे. कारागिराचे नाव नाही. मी त्यांना विचारले, “मामा, पाटीवर तुमचं नाव का नाही?” ते हातातली वादी ओढतच म्हणाले, “नाव टाकलं की आडनाव टाकावं लागतं, सर. आडनाव दिसलं की गिऱ्हाईक भाव पाडायला लागतं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “तबला नेणारा पाया पडतो. तबल्याच्या. माझ्याकडं पैसे टेबलावर ठेवतो.”

मी या दोन वाक्यांवर बरेच दिवस विचार करतो आहे. मिरजेच्या कुटुंबाने आपला धंदा आडनाव म्हणून अभिमानाने लावला. मंडईच्या कारागिराने आपले आडनाव धंद्याच्या पाटीवरून पुसले. दोघेही वाद्यच घडवतात. दोघांनाही बैठकीत प्रवेश मिळतो तो मागच्या दाराने. तरी एकाला नाव लावण्याने भाव मिळतो आणि दुसऱ्याचा भाव नाव लावण्याने पडतो. कौटुंबिक इतिहास लिहिला जाणे न जाणे हा जुन्या कागदांचा प्रश्न नाही, तो आजच्या बाजाराचा प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

याच भागात आणखी दोन गोष्टी दिसतात. ढोलाला आता प्लॅस्टिकचे पान बसते. ते भिजत नाही, उतरत नाही, स्वस्त पडते. पेठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या मुलामुलींची ढोल-ताशा पथके उभी राहिली आहेत. भगवे फेटे बांधून ती अभिमानाने वाजवतात. जे वाजवणे गावात मांगाने केले तर बलुते होते ते रस्त्यावर सुखवस्तू घरातल्या मुलांनी केले की संस्कृती होते. त्यांनी वाजवू नये असे मी म्हणत नाही. त्यांनी वाजवले म्हणून ढोलाचा विटाळ गेला, पण मामांचा गेला नाही, एवढेच मी म्हणतो. दुसरी गोष्ट कातड्याची. महाराष्ट्रात गोवधबंदी १९७६च्या कायद्यापासून आहे. २०१५च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. बकऱ्याच्या कातड्याला हा कायदा शिवत नाही, म्हशीच्याही नाही. पण कायद्याच्या अक्षरापेक्षा भीतीचा पल्ला मोठा असतो. २०१६ साली गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले, ते चित्र सगळ्या देशाने पाहिले. चामड्याचे गाठोडे घेऊन प्रवास करणारा माणूस तेव्हापासून वळून वळून पाहतो. पुडीला घराणे द्यायचे तर हा इतिहासही त्या घराण्यातच येईल.

५

या विषयावर भारतात एक महत्त्वाचे पुस्तक झाले आहे आणि मराठी समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे मला वाटते. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे मृदंग घडवणाऱ्या कुटुंबांचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहिले. तंजावरकडचे हे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती. पालघाट मणी अय्यर यांच्यासारख्या थोर वादकाच्या मृदंगामागे फर्नांडिस, ज्याला पार्लांदु म्हणत, त्याचा हात होता; वादकाला हवा तो नाद कातड्यातून काढण्यासाठी त्याने प्रयोग केले होते. मृदंगाला गाईचे कातडे लागते, बकऱ्याचे लागते, म्हशीचे लागते, हे कृष्णा आडपडदा न ठेवता सांगतात. ब्राह्मण वादक ज्या वाद्याला नमस्कार करतो त्याच्यासाठी गाय मारली जाते, हे सत्य ते सभ्य समाजासमोर ठेवतात. परिणाम काय झाला? चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारले आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला. जे सत्य रोज मांडीवर घेऊन वाजवले जाते ते छापून आले की सहन होत नाही.

या पुस्तकाचे मोल मी दोन कारणांनी मानतो. एक, त्यात कारागीर हा दयेचा विषय नाही; तो विचार करणारा माणूस आहे. दोन, लेखकाने वाद्याकडून माणसाकडे जाण्याऐवजी माणसाकडून वाद्याकडे येण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु आपल्या पानांवर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे पुस्तक कृष्णा यांनी लिहिले. ते ब्राह्मण आहेत, हे त्यांनी स्वतः लपवलेले नाही. त्यांचा प्रामाणिकपणा संशयाच्या पलीकडे मानला, तरी कारागीर त्या पुस्तकात बोलतो, लिहीत नाही. सहानुभूती आणि स्वानुभव यांचा वाद आपल्या चळवळीत जुना आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली आले, तेव्हा मराठी वाङ्मयाला धक्का बसला तो विषयामुळे नव्हे. बोलणारा बदलला म्हणून. ‘उपरा’ तर टोपल्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या मुलाने लिहिलेले. कारागिराचा कौटुंबिक इतिहास आतून लिहिला की तो कसा होतो, याचे ते मराठीतले उदाहरण आहे. आपण ते आत्मकथन म्हणून वाचले आणि कसबाचा इतिहास म्हणून वाचायचे राहून गेले. आमची आत्मकथने भूक, अपमान आणि शाळा यांचा लेखाजोखा देतात. हाताला काय येत होते, याचा लेखाजोखा त्यांत विखुरलेला आहे. तो आता गोळा करायला हवा.

६

इथे आपल्याच बाजूने एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. हलगी टाकून द्या, मेलेले ढोर ओढू नका, मृत मांस खाऊ नका, हे बाबासाहेबांनी आणि त्यांच्या चळवळीने सांगितले. १९२७च्या महाडनंतर आणि १९५६च्या धर्मांतरानंतर गावोगाव आमच्या माणसांनी ही कामे सोडली. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. आता तुम्ही कॉलेजात नोकरी लागल्यावर त्याच चामड्याची महती गाऊ लागलात काय? जातीचा धंदा म्हणजे कला, असे म्हणून माणसाला पुन्हा त्याच खुंटीला बांधणार काय?

या आक्षेपाला मी सरळ उत्तर देतो. सोडायची होती ती सक्ती. आणि ती सोडली हेच बरोबर होते. मामांचा मुलगा बँकेच्या परीक्षा देतो आहे. तो दुकानात बसत नाही. त्याने बसावे असे मी कधीही म्हणणार नाही. जो कोणी संस्कृती टिकवण्याच्या नावाखाली त्याला दुकानात बसायला सांगेल त्याने आधी आपला मुलगा तिथे बसवावा. पण मामांना जे येते ते मामांबरोबर संपले, तर उद्या कोणीतरी यंत्रावर पुडी करील, तिचे पेटंट घेईल, आणि हे ज्ञान आमचे होते हे सांगायला आमच्याकडे चिठोराही नसेल. इतिहास लिहिणे म्हणजे धंदा चालू ठेवणे नव्हे. जे घेतले गेले त्याची पावती करून ठेवणे आहे. मुलगा बँकेत जाऊ दे. त्याच्या वहीत बापाच्या हाताची नोंद असू दे.

म्हणून मी काही कामे सुचवतो. ती करायला मोठा निधी लागत नाही. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या मित्रांनी दरवर्षी चार-पाच विद्यार्थ्यांना एकेका कारागीर कुटुंबाकडे पाठवावे. शक्य तो त्याच कुटुंबातल्या मुलामुलींना हे काम द्यावे. शब्द लिहून घ्यावेत; पुडी, चाट, गजरा, वादी, गठ्ठे, घोटणी यांतले कित्येक शब्द कोशात एक तर नाहीत किंवा चुकीच्या अर्थाने आहेत. मजुरी लिहून घ्यावी, आजची आणि तीस वर्षांपूर्वीची. कातडे कुठून येत होते, आता कुठून येते, हे लिहावे. घरातल्या बाई काय करत, हे त्यांनाच विचारावे. नवऱ्याला विचारू नये. नाव छापायचे की नाही हे त्या कुटुंबावर सोडावे, कारण नाव छापल्याने भाव पडतो हे आपण पाहिले. मंडईजवळ शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे मोठे संग्रहालय आहे. त्यात वाद्येही आहेत. अशा सर्व संग्रहालयांकडे आपण एक मागणी करावी, की जिथे करणारा माहीत आहे तिथे त्याचे नाव लिहा आणि जिथे माहीत नाही तिथे ‘कारागिराचे नाव नोंदवले गेले नाही’ एवढे तरी लिहा. मिरजेच्या मानांकनासारखे मानांकन उद्या पुडीसाठी कोणी मागणार असेल, तर अर्जावर व्यापाऱ्याच्या आधी मढवणाऱ्याचे नाव असावे.

मी या वर्षी मंडईच्या परिसरातल्या तीन कुटुंबांपासून सुरुवात केली आहे. पहिल्या वहीत आतापर्यंत चार पिढ्यांची नावे आली. त्यांत दोन बायकांची. ज्यांना अशी वही आपल्या गावी सुरू करायची असेल त्यांनी या अंकाच्या संपादकांमार्फत कळवावे. प्रश्नांची यादी पाठवून देईन.